मागच्याची शिट्टी

खोटं वाटत असेल, तर भुकूमला जाऊन मेधालाच विचारा. चहा पाजेल ती. पण त्या संध्याकाळचा विषय काढलात, तर उठून आत जाईल.

मेधा माझी मावसबहीण. मागच्या सप्टेंबरातला शनिवार. मुळशी धरणाच्या वरचा घाटमाथा.

चार दिवसांची डोंगरवाट होती. पहिला मुक्काम देवळाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये. सगळ्यांच्या पुढे मेधा, सगळ्यांच्या मागे तिचा नवरा स्वानंद. धुक्यात माणूस दिसत नाही, म्हणून दोघांच्या गळ्यात शिट्ट्या. पुढच्यानं एकदा वाजवायची, मागच्यानं दोनदा. दोनदा म्हणजे सगळं ठीक.

अंधारून यायला बाकीचे शेडवर पोचले. स्वानंद तेवढा राहिला होता.

मेधानं शिट्टी वाजवली.

धुक्यातून उत्तर आलं… दोनदा.

"येतोय साहेब रमतगमत," ती हसली. "फोटोचं वेड आहे ना!"

खालच्या वाडीतली रंभाबाई लेकाला घेऊन भाकरी द्यायला आली होती. टोपली खाली ठेवून ती ऐकत राहिली.

"कोन हाय त्यो?"

"माझे मिस्टर."

"मग जवळ का येत न्हाई? मगापासनं आवाज तितंच हाय."

खरंच… आवाज जागचा हलत नव्हता.

तिनं पुन्हा वाजवली. पुन्हा उत्तर. दोनदा.

मग रातकिडे गप्प झाले. सगळेच, एकदम.

तिनं शिट्टी ओठांशी नेली. अजून फुंकलीही नव्हती…

उत्तर आलं. दोनदा.

"भैरू, बॅटरी घे!" रंभाबाई लेकावर ओरडली. "पळ आदी!"

भैरू पुढे, मेधा मागे. निसरड्या उतारावर ती दोनदा पडली, पण थांबली नाही. स्वानंदला हाका मारून मारून तिचा घसा बसला. त्याला मागे सोडून आपण हसत बसलो, या विचारानं तिला रडू फुटत होतं.

ओढ्याच्या कपारीत सापडला तो. पाय मोडलेला, अंग गार. धुगधुगी होती, एवढंच. आणखी थोडा उशीर झाला असता तर हाती लागला नसता, असं डॉक्टर म्हणाले.

दवाखान्यात तो शुद्धीवर आल्यावर मेधानं विचारलं, "अरे, मग ठीक असल्याची शिट्टी का दिलीस?"

स्वानंदनं मान हलवली.

"मी नाही दिली. पडल्यापासून मी ओरडायला बघत होतो, मेधा. घशातून आवाजच फुटत नव्हता. आणि माझी शिट्टी तोंडात धरून… कुणीतरी शेजारी बसलं होतं. तू वाजवलीस की ते तुला उत्तर द्यायचं."

"कोण?"

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. आजवर सांगितलेलं नाही.

पाय बरा झालाय आता. पण कधी मेधा स्वयंपाकघरातून विचारते, "ठीक आहेस ना रे?"

आतून स्वानंदचा आवाज येतो, "हो."

तरी ती हातातलं काम टाकून आत जाते. 'हो' कोण म्हणालं, ते बघायला.