पाच किलोंचा जोर

माझं नाव शाल्मली. मी दहा वर्षांची आहे, दोन्ही वेळा पोटभर जेवते आणि वजनकाट्यावर उभी राहिले की काटा पाच किलो दाखवतो. हसू नका! मी चंद्रावरच्या शुभ्रा वसाहतीत जन्मले. इथलं गुरुत्वाकर्षण (आपल्याला खाली ओढणारी ताकद) पृथ्वीच्या एक षष्ठांश आहे. पृथ्वीवर त्याच काट्यानं तीस किलो दाखवले असते. पण हे ढब्बूला कोण सांगणार? ढब्बू हा आमच्या गॅरेजमधला हिरवागार, गोलमटोल यंत्रमानव. हत्यारं आणून देणं आणि आकडे सांगणं एवढंच त्याचं काम. मी दारात दिसले की तो हटकून म्हणतो, "शाल्मली. पाच किलो. जड कामाला उपयोग नाही." मला त्याचा अस्सा राग येतो!

त्या दिवशी मात्र रागवायला सवड नव्हती. दुपारी तीनला पृथ्वीवरून यान उतरणार होतं आणि त्यातून माझी आजी, म्हणजे आईची आई, येणार होती. आजवर मी तिला फक्त पडद्यावर पाहिलं होतं. निघण्याआधी ती म्हणाली होती, "दार उघडल्यावर समोर तू दिसली नाहीस, तर त्याच यानानं परत जाईन हं!" ती हसत होती, पण मधेच पदरानं डोळेही पुसत होती.

यानतळ होता विवराच्या (मोठ्या खोलगट खड्ड्याच्या) तळाशी. तिथं जायचा उतार चांगलाच तीव्र, आणि नेमका त्याच सकाळी आमच्या चांद्रगाडीचा ब्रेक तपासणीत नापास झाला.

"ब्रेक नीट झाल्याशिवाय उतारावर गाडी न्यायची नाही," नियंत्रण कक्षातून आईनं बजावलं. "नाहीतर आठ वाजता मालगाडी जाईल, ती घेऊन येईल आजीला."

म्हणजे आजी पाच तास एकटी बसणार? माझा चेहराच पडला.

"आठ वाजायची वाट कशाला बघायची? मी हाय की," आप्पा बाह्या सरसावत म्हणाले. आप्पा म्हणजे आईचे वडील. इचलकरंजीत चाळीस वर्षं गॅरेज चालवून ते दोनच आठवड्यांपूर्वी इथं आले होते.

आम्ही गाडी स्टँडवर चढवली आणि चाक काढलं. आत चाकाबरोबर फिरणारी पोलादी तबकडी होती आणि तिला दोन्ही बाजूंनी धरणारा कॅलिपर (ब्रेकचा चिमटा). ब्रेक दाबला की नळीतलं तेल चिमट्यातल्या दट्ट्याला ढकलतं, दट्ट्या पॅडना ढकलतो आणि पॅड तबकडीला घट्ट आवळतात. मग घर्षण होतं आणि चाक थांबतं. आमचे पॅड झिजून पापडाएवढे पातळ झाले होते.

आप्पांनी सवयीप्रमाणे धूळ उडवायला गाल फुगवले. "फुंकू नका!" मी ओरडले. चंद्राची धूळ काचेच्या चुऱ्यासारखी टोकदार असते. छातीत गेली तर वाईट.

"बरं झालं सांगितलंस. ब्रेकची धूळ तिकडंबी फुंकू नये म्हणतात. ऐकतोय कोण!" आप्पा ओशाळून म्हणाले, आणि त्यांनी ओल्या फडक्यानं धूळ पुसली.

कॅलिपर दोन बोल्टांनी बसवलेला होता. ढब्बूनं कमी-जास्त करता येणारा पाना पुढे केला, तो बोल्टावरून सटकला. "हा नको, कोपरे खाईल," म्हणून आप्पांनी बरोबर मापाचं सहा बाजूंचं सॉकेट (बोल्टाच्या डोक्यावर टोपीसारखं बसणारं हत्यार) निवडलं. "हत्यार चपलेगत असतंय बघ. मापाचं नसलं की चावतंय."

सॉकेटला त्यांनी एक फुटाचा दांडा लावला आणि ऐटीत त्याच्या टोकावर उभे राहिले. "चाळीस वर्षांत एक बोल्ट माझ्यापुढं टिकला न्हाई!"

बोल्ट जराही हलला नाही.

आप्पांनी दोन उड्या मारल्या. मग दांडा उलट बाजूला बसवून खालून वर ओढून पाहिला, तर बोल्टाऐवजी गाडीचाच कोपरा स्टँडवरून उचलला गेला. त्यांनी घाईनं दांडा सोडला. चंद्रावर गाडीही हलकीच की!

"आरं तिच्या! म्हातारा झालो की काय मी?" आप्पा पुटपुटले. घड्याळात एक वाजून गेला होता.

मला रडू यायला लागलं. ते कुणाला दिसू नये म्हणून मी बाहेर निघाले आणि गडबडीत दार बिजागरीजवळ ढकललं. ते हलेना. मग कडेला ढकललं, तर एका बोटानं उघडलं.

"थांब! पुन्हा ढकल बघू," आप्पा म्हणाले.

मी ढकललं. बिजागरीपाशी जड, कडेला हलकं. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"फिरवायचा जोर नुसत्या वजनावर नसतो, आप्पा!" मी म्हणाले. "वजन गुणिले दांड्याची लांबी! याला परिबल (एखादी गोष्ट फिरवणारा जोर) म्हणतात, आम्हाला शिकवलंय. ढब्बू, हा बोल्ट सुटायला किती लागेल?"

"किलो आणि फूट यांच्या गुणाकारात चाळीस."

आप्पांचं वजन पृथ्वीवर बहात्तर किलो. एक फुटी दांड्यावर बहात्तर गुणिले एक, म्हणजे बहात्तर. बोल्ट सुटणारच! पण इथं ते भरतात फक्त बारा किलो. बारा गुणिले एक, बाराच.

आप्पा कपाळावर हात मारून हसायला लागले. "म्हंजे चाळीस वर्षं बोल्ट मी सोडवतोय असं समजत हुतो, आणि निम्मं काम खालून पृथ्वी करत हुती!"

ढब्बूनं त्याच्याजवळचा सगळ्यात लांब पाइप आणला. तो दांड्यावर चढवला तेव्हा बोल्टापासून टोकापर्यंत तीन फूट भरले. आप्पा त्यावर उभे राहिले. बारा त्रिक छत्तीस.

चार कमी पडत होते.

"शाल्मली," ढब्बू म्हणाला. "पाच किलो. जड कामाला..." त्याच्या पोटातला दिवा नुसताच लुकलुकत राहिला.

मी टुणकन उडी मारून आप्पांच्या कमरेला मिठी घालत पाइपवर उभी राहिले. सतरा त्रिक एक्कावन्न!

कर्रर्र! बोल्ट फिरला, पाइप खाली गेला आणि आम्ही दोघं सावरीच्या कापसासारखे सावकाश जमिनीवर आलो. (पृथ्वीवरच्या वाचकांनो, तुम्ही पाइपवर चढू नका. तुम्ही धाडकन पडाल.)

दुसरा बोल्टही तसाच सुटला. आता जाड नवे पॅड बसायचे, तर दट्ट्या आत सरकवायला हवा. आप्पांनी इंग्रजी सी अक्षरासारखा क्लॅम्प लावून तो हळूहळू आत दाबला. पॅड बसले. बोल्ट आवळायला मी पुन्हा पाइप पुढे केला, तर आप्पांनी तो बाजूला ठेवला.

"सोडवताना लांब दांडा, आवळताना मोजून. जादा जोर दिला तर आटे जातात. पूर्वी मी अंदाजानं आवळायचो. आता माझ्या अंदाजावर तुझी आजी बसवायची व्हय?" त्यांनी टॉर्कचा पाना घेतला. ठरवलेला जोर लागला की तो आवाज करतो. टक्! टक्! दोन्ही बोल्ट पक्के झाले.

बाकीच्या चाकांचे पॅड ठणठणीत होते. आम्ही सपाट जागी तीनदा ब्रेक तपासला, आईनं हिरवा दिवा दिला आणि ढब्बूलाही घेऊन निघालो. उतारावर गाडी आप्पांच्या पायाखाली मांजरासारखी शहाण्यागत थांबत होती. मोठी झाले की मी मंगळावर गॅरेज काढणार. तिथं मी अकरा किलोंहून जास्त भरेन, म्हणजे पाइपही थोडा आखूड चालेल.

तीनला पाच मिनिटं असताना आम्ही गाडीसकट यानतळाच्या हवा भरलेल्या दालनात पोचलो. यान उतरलं, दार उघडलं. आजीनं मला पाहिलं आणि पृथ्वीवरच्या सवयीनं धावत सुटली. दुसऱ्याच पावलाला ती हवेत!

"थांब गं!" आप्पा ओरडले. पण वजन कमी झालं तरी अंगातला वेग थोडाच कमी होतो? म्हणून तर चंद्रावरही ब्रेक लागतात. आजीला ब्रेक नव्हता. ती थेट माझ्यावर आली आणि आम्ही दोघी हसत हसत लोळलो.

तिनं मला उचललं, माझे काळेकुट्ट हात स्वतःच्या गालांना लावले आणि एकदम दचकली. "अगं बाई, किती हलकी पोर ही! हिला जेवायला घालता की नाही?"

गाडीतून ढब्बूनं डोकं बाहेर काढलं.

"शाल्मली. पाच किलो," तो म्हणाला. "जड कामाला उपयोगी."