आफियाची वाक्यं

"फराजच्या सलामाला मी आजही उत्तर देतो, पण ते नाइलाजाने," लियाकतचाचा म्हणाले.

वडाळा रोडवरच्या त्यांच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली आलं होतं. समोर आम्ही तिघं: मी, संघर्ष आणि चैताली.

"१९ नोव्हेंबर २०२५, बुधवार. रात्रीचे नऊ. माझ्या शेजारचा हा फराज मामीकडे निघाला होता, गेमचा कन्सोल आणायला. हातात धरून खेळतात तो. आत वीस वर्षांपूर्वीचा जपानी खेळ. फराज आणि त्याची मामेबहीण आफिया तो खेळ अरबीत आणत होते. फुकट, हौसेने. बसऱ्याची, कैरोची पोरं वाट बघत होती. फराज यंत्राचं काम बघायचा. वाक्यं सगळी आफियाची. मालेगावला अरबी शिकलेली पोरगी. खेळातल्या एकेका माणसाला तिने दोन वर्षं खपून बोलतं केलं. आणि जुलैत डेंग्यूने गेली.

मामीने, सुरय्याभाभीने, कन्सोल दिला आणि विचारलं, 'खेळाच्या शेवटी तिचं नाव येतं ना रे?'

'येतं, मुमानी.'

खोटं! दुपारीच काढलं होतं त्याने. फक्त स्वतःचं ठेवलं."

"पण का?" चैतालीने विचारलं.

"मीही विचारलं. मला म्हणतो, 'चाचा, मेलेल्या माणसाला नावाचं काय करायचंय?'" चाचांनी स्क्रूड्रायव्हर काउंटरवर आपटला. "जिवंत होती तेव्हा तरी काय मिळालं तिला? मुलगी असून गेम खेळते म्हणून टोमणे. जे तिचं होतं, तेवढंही..."

"चाचा, बीपी," संघर्ष हळूच म्हणाला.

"खड्ड्यात गेलं बीपी. ऐक. बारा वाजता खेळ इंटरनेटवर टाकायचा होता. त्याआधी फराज एकदा तपासायला बसला. आता नीट लक्ष द्या. तो कन्सोल डावीकडून उजवीकडेच लिहितो. अरबी नेमकी उलट. म्हणून फराज प्रत्येक वाक्य उलटं करून भरायचा. पडद्यावर वाक्याचं शेपूट आधी उमटायचं, डोकं मागून. दुसरा इलाजच नव्हता.

साडेअकराला त्याने पहिल्या सैनिकाशी बोलायचं बटण दाबलं. अक्षरं उमटायला लागली... उजवीकडून."

बाहेरून एक रिक्षा गेली.

"एकेक अक्षर. सावकाश. माणूस हाताने लिहितो तसं. वाक्य पुरं झालं... आणि पुसलं गेलं.

संवादाची चौकट कोरी.

दुसरा सैनिक. कोरा. दुकानदार. कोरा. विहिरीवरची बाई. तोंड हलतंय... शब्द नाही.

त्याने कॉम्प्युटर उघडला. फायली कोऱ्या. त्याने स्वतः लिहिलेले दोनच शब्द उरले होते. 'सुरू'. 'बंद'. बसऱ्याच्या मित्राला उठवलं. त्याच्याकडच्या प्रतीतही तेच. मग तिचं नाव परत टाकलं. काही नाही. पुन्हा टाकलं...

काही नाही.

पहाटे माझं दार वाजलं. मीच कॉलर धरून त्याला कन्सोलसकट मामीकडे नेला. म्हटलं, सांग तिला, तुझ्या तोंडाने सांग. सांगितलं त्याने. भाभी रडली नाही. शिवी दिली नाही. नुसता हात पुढे केला. कन्सोल घेतला. खेळ विहिरीपाशीच थांबलेला. तिने बटण दाबलं. मी मागे उभा, चष्मा लावून. कोरी चौकट. भाभी बघत राहिली... आणि हसली.

'काय झालं, भाभी?'

'ही विहिरीवरची बाई शिपायाला म्हणते, तलवार बाहेर ठेव, पाणी घाबरतं.'

फराज भिंतीला टेकला. 'हेच... हेच वाक्य होतं.'"

"आफियाने आईला सांगितलेलं असेल," संघर्ष म्हणाला.

"एखादं सांगितलं असेल. नऊ हजार वाक्यं?" चाचा कडाडले. "भाभी रोज रात्री इशाच्या नमाजनंतर कन्सोल घेऊन बसते. रोज पुढची वाक्यं. फराज वही घेऊन दारात उभा राहतो. ती त्याला एक अक्षर सांगत नाही. म्हणते, 'जा, तुझ्यासाठी काही लिहिलेलं नाही.'"

चाचांनी चष्मा काढला. बराच वेळ काच पुसत राहिले.

"भाभी कुराण पढते, पण अरबीच्या एका शब्दाचाही अर्थ तिला येत नाही. परवाही मी तिच्या मागे उभा होतो. चौकट कोरी होती... ती हसत होती."