पिकलं पान

वीज गेली होती. गॅरेजचं शटर अर्धं ओढून पोरं मेणबत्तीभोवती बसली होती, आणि त्यांतला एक मघापासून खोकत होता. फोरमनकाकांनी त्याच्याकडे पाहिलं.

"अडुळसा घे रे. पण पानं दिवसाउजेडी तोड. आणि तोडताना तोंड बंद ठेव."

"का हो काका?"

"माझ्या साडूनं उघडलं होतं," काका म्हणाले, आणि मग सांगायलाच लागले.

साडूचा धंदा पंपदुरुस्तीचा. माणूस सोन्यासारखा, पण राग नाकावर. गोष्ट मागच्या डिसेंबरातल्या पहिल्या बुधवारची. दिवसभर एका इमारतीच्या टाकीशी झटून तो रात्री घरी आला. पंप काही चालू झाला नव्हता. घरी पाऊल टाकतो तर लेकीचा खोकला सुरू. सहा वर्षांची पोर. तिसरा आठवडा होता. डॉक्टरांनी छाती तपासली होती, औषध दिलं होतं, घाबरू नका, हळूहळू जाईल म्हणाले होते. पण खोकला हळूहळू जायच्या ऐवजी रात्री धावत यायचा. एकदा उबळ आली की पोर लालबुंद व्हायची, शेवटी छातीतून बारीक शीळ वाजायची, आणि नवराबायको एकमेकांची तोंडं बघत बसायची.

त्या रात्री सासूबाईंचा फोन आला. डॉक्टरांचं औषध चालू ठेवा, पण जोडीला अडुळशाची पिकलेली पानं आणा. वाफवून रस काढा आणि मधात द्या.

गल्लीच्या टोकाला कडूमामांच्या घराला अडुळशाचंच कुंपण होतं. कडूमामा म्हणजे एकटा राहणारा म्हातारा, स्वतः दम्याचा. कुणी शिंकलं तरी त्याला हा कडू रस पाजायचा, म्हणून हे नाव. कुणी त्याला 'पिकलं पान' म्हटलं की चिडायचा. "औषधाला पिकलंच पान लागतं. हिरवं नुसतं दिसायला," म्हणायचा. आणि मग हळूच म्हणायचा, "पण हिरवं असण्यात मजा होती रे."

साडू गेला, मूठभर पानं ओरबाडून आला.

"अहो, ही हिरवी आहेत," बायको म्हणाली. "आईनं पिकलेली सांगितलीत. पिवळी."

"पान ते पान!"

"मग पालकच आणायचा होतात."

पुन्हा गेला. रस्त्यावरच्या दिव्याखाली शोधून शोधून पिवळी पानं निवडली. घरी ट्यूबलाइटखाली मूठ उघडली तर सगळी हिरवीगार. त्या दिव्याचा उजेडच पिवळा. त्याखाली माणूससुद्धा कावीळ झाल्यासारखा दिसतो.

बायकोला हसू आवरेना, रडूही आवरेना. "अंधारात कुठला पाना कितीचा ते ओळखता, आणि पान ओळखता येत नाही?"

आतून उबळ ऐकू आली. शीळ वाजली. हा ती हिरवी पानं मुठीत तशीच धरून तिसऱ्यांदा बाहेर पडला.

पावणेबारा झाले होते. मोबाइलचा उजेड पाडायला गेला तर बॅटरी संपलेली. त्यानं मोबाइलला शिवी घातली, पंपाला घातली, सासूबाईंनाही एक अर्धी घातली. कुंपणात हात खुपसून चाचपडू लागला.

कुंपणाच्या आत कुणीतरी खोकलं. म्हातारा, कोरडा खोकला.

"काय हवंय?"

"पिकलं पान हवंय! दुसरं काय?"

"पिकलं... माझ्याकडेच आहे."

"मग द्या की!"

आत पुन्हा तोच कोरडा खोकला. मग...

"तुझ्याकडे काय आहे?"

"हिरवं आहे. हिरवंच आहे सगळं!"

"हिरवं मला दे... पिकलं घेऊन जा."

"घ्या हो, घ्या! हिरवं तुम्हालाच ठेवा. माझं डोकं नका उठवू."

त्यानं मूठ आत ढकलली. कुणीतरी ती उघडली. बोटं गार होती... कोरडी. हिरवी पानं गेली. तळव्यावर दुसरी आली.

"दिलंस ना?"

"दिलं, दिलं."

"परत मागायचं नाही..."

साडू परत फिरला. दिव्याखाली आला. आणि पाय थांबले.

कडूमामा जूनमध्येच गेले होते. त्यांना पोचवायला हा स्वतः गेला होता. वैतागलेल्या माणसाला काही आठवत नाही, पोरांनो. आत्ता आठवलं.

मागे, कुंपणात, कुणीतरी खोकलं.

म्हातारं नाही.

बारीक. लहान. आणि शेवटी... शीळ.

तो धावत सुटला. घरात सामसूम. बायको दारातच उभी, ओठांवर बोट.

"झोपली. आत्ताच... एकदम थांबला खोकला."

त्यानं पोरीच्या नाकाशी हात नेला. श्वास चालू होता. संथ. मूठ उघडली. पानं हळदीसारखी पिवळी होती. त्यांचा रस कुणी काढला नाही. तो रात्रभर पोरीच्या उशाशी बसून राहिला.

पहाटे कुंपणाशी गेला. फाटकाला गंजलेलं कुलूप, आत गुडघाभर गवत, कुठे मोडलेलं नाही, दबलेलं नाही. "मामा," तो म्हणाला, "मी पानांचं बोललो होतो हो. पानांचं! माझं हिरवं मला परत द्या." विनवून झालं, ओरडून झालं, कुंपण गदागदा हलवून झालं. अजूनही जातो. हिरवी पानं घेऊन हात आत घालतो आणि उभा राहतो. कुणी घेत नाही. तशीच घेऊन घरी येतो, आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाही.

काका थांबले. मेणबत्ती बोटभर उरली होती. खोकणाऱ्या पोरानं तोंडावर रुमाल धरला होता.

"पण काका, पोरगी तर बरी झाली ना?"

"झाली की. खोकला नाही, शीळ नाही. शाळेत जाते, खेळते."

"मग झालं तर."

काकांनी मेणबत्तीची वात चिमटीनं सारखी केली.

"तो कुंपणाशी जाऊन आला त्याच सकाळी आई तिची वेणी घालत होती. घालता घालता हात थांबला... नवऱ्याला हाक मारली. नुसतंच बोटानं दाखवलं..."

"काय?"

"एक केस. उपटला, तरी तिथेच पुन्हा येतो. मुळापासून टोकापर्यंत..."

"टोकापर्यंत काय?"

"पिकलेला."