चांदणी, जाळी, जिलेबी

फुलसावंगीत पत्ता सांगताना लोक आजही 'टायपिंगवाल्या उज्ज्वलाताईंच्या घराजवळ' असं सांगतात. क्लास बंद होऊन जमाना झाला, मशीनं भंगारात गेली, पण नाव चिकटलं ते चिकटलं. सध्या ताईंचा दिवस आईभोवती फिरतो. रुक्माबाईंनी ऐंशी ओलांडली आणि एकेक माणूस त्यांच्या डोक्यातून उठून जायला लागला. शेवटी लेकही आठवणीतून गेली.

"तू कोनाची वो बाई?" त्या रोज विचारतात.

"तुहीच ना, याडी," ताई हसून सांगतात. याडी म्हणजे आई, त्यांच्या तांड्यातला शब्द. आईनं एकदा, फक्त एकदा आपल्याला नावानं हाक मारावी, एवढंच त्यांना आता हवंय.

चैत्रातल्या एका दुपारी रुक्माबाई ओसरीवर बसून पुटपुटायला लागल्या. "एम. चांदणी. जाळी. पाच. जिलेबी. एम..."

ताईंच्या हातातलं सूप थांबलं.

हे शब्द बादलचे होते. हा थोरला भाऊ नागपूरला इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याच्या कॉलेजात इंटरनेट म्हणजे नुसतं ईमेल. पण पठ्ठ्यानं वाट काढली होती. परदेशातल्या एका संग्रहाला ईमेलनं प्रोग्रॅमचं नाव कळवायचं, की तिथलं यंत्र त्याचे तुकडे करून, अक्षरं-चिन्हांच्या ओळी बनवून, ईमेलमागून ईमेल धाडायचं. सुरुवातीला 'बिगिन' आणि फाइलचं नाव, शेवटी 'एंड', मधल्या ओळी माणसाला न कळणाऱ्या. तुकडे जोडले की प्रोग्रॅम तयार. त्याला हवा होता आकाशाचा नकाशा. गाव नि तारीख सांगितली की त्या रात्रीच्या चांदण्या दाखवणारा.

फ्लॉप्या एसटीच्या धुळीत दगा द्यायच्या, म्हणून तो सगळं कागदावर छापून आणायचा. सुट्टीत तो वाचायचा, ताई क्लासमधल्या कॉम्प्युटरवर टाइप करायची. चिन्हांची इंग्रजी नावं कुणाला ठाऊक? त्यानं आपलीच पाडली. * म्हणजे चांदणी, # म्हणजे जाळी, @ म्हणजे जिलेबी. ओळ संपली की घाईघाईनं विचारायचा, "झालं? पुढं." शेजारी घागऱ्यावर आरसे टाचत बसलेली याडी हसायची, "कायचा मंतर म्हनून राह्यला रे?" काय दिवस होते ते! चहा, मुरमुरे आणि जगाच्या दुसऱ्या टोकावरून तुकड्यातुकड्यानं घरी येणारं आभाळ.

हत्ती गेला नि शेपूट राहिलं. शेवटचं पान आणायला बादल नागपूरला गेला आणि परतताना त्याची गाडी पुलावरून नदीत कोसळली. पिशवी सापडली. पानावरची शाई धुऊन गेली होती.

आई जुनंच बरळतेय, अशी ताईंनी स्वतःची समजूत घातली. तरी लिहून घेतलं. टाइप केलेले तुकडे त्यांनी फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून लॅपटॉपवर जिवापाड जपत आणले होते. त्यांच्याशी ताडून पाहिलं. एकही ओळ जुळली नाही. हे पान कधी टाइपच झालं नव्हतं.

दुसऱ्या दुपारी त्या लॅपटॉपच घेऊन बसल्या. रुक्माबाईंनी कागद धरावा तसे दोन्ही हात डोळ्यांसमोर धरले होते. त्यांना अक्षरओळख नव्हती. इंग्रजी तर नाहीच नाही.

"झालं? पुढं."

आवाज आईचा, घाई बादलची. ताई टाइप करत राहिल्या. पान संपूच नये असं त्यांना वाटत होतं. ते चालू होतं तोवर भाऊ घरात होता.

"एंड," रुक्माबाई म्हणाल्या आणि हात मांडीवर ठेवले.

ताईंनी सगळे तुकडे जोडले आणि प्रोग्रॅम सुरू झाला.

ताईंनी गाव सांगितलं. तारीख बादल गेला त्या दिवसाची घातली. पडदा काळा झाला आणि एकेक चांदणी उगवायला लागली. ताईंना रडू आवरेना.

"याडी, पाह्य ना. बादलचं आभाळ."

रुक्माबाईंनी बराच वेळ पाहिलं. मग लेकीकडे वळल्या. "तू कोनाची वो बाई?"

डोळे पुसत ताई चहा ठेवायला आत गेल्या.

मागे ओसरीवर बांगड्या वाजल्या. ताईंनी दारातून पाहिलं. आईचे हात पुन्हा वर गेले होते, कागद धरावा तसे.

"बिगिन," रुक्माबाई म्हणाल्या. मग फाइलचं नाव, स्वच्छ, न अडखळता.

"उज्ज्वला."

हीच हाक त्यांना हवी होती. त्यांनी गॅस बंद केला. पण ही हाक आईची वाटेना; त्यांनी उंबरा ओलांडला नाही.

"झालं?" ओसरीवरून आवाज आला. "पुढं."