दुसऱ्याच्या सापळ्यातले सात सेबल

संध्याकाळचे सहा वाजले की उदोकी नदीच्या खोऱ्यातला प्रत्येक सापळेवाला आपापल्या खोपटात वायरलेससमोर बसतो. मुंगसाएवढे, महागड्या लवेचे सेबल किती मिळाले हे कुणीच खरं सांगत नाही, पण आवाज आला म्हणजे माणूस जिवंत आहे एवढं कळतं. गेरासिम ओयोगिर तर सगळ्यांत बोलघेवडा. एकदा सुरू झाला की दुसऱ्याला खोकायलाही उसंत द्यायचा नाही. तोच गेरासिम सहा दिवस गप्प होता.

त्याची थोरली बहीण उस्तिन्या नदीच्या खालच्या खोपटात होती. वरच्या टोकाचं शेवटचं खोपटं गेरासिमचं, मध्ये तीन दिवसांची वाट. ऑक्टोबर संपत आला तरी नदी ना धड पाणी, ना धड बर्फ. दिवसा पावसाची झड, पहाटे कडाक्याचं थिजणं. होडी चालेना, घसरगाडीही चालेना. पलीकडच्या हद्दीतला म्हातारा लुका वायरलेसवर म्हणाला, "बाई, बॅटरी उतरली असेल त्याची. नदी गोठू दे, मी स्नोमोबाइल घेऊन जातो."

"माझा भाऊ बॅटरीशिवायही बोलतो," उस्तिन्या म्हणाली. तिनं पाठीवर सामान बांधलं आणि चिप्का कुत्रीला घेऊन चालू लागली.

पन्नाशी उलटलेल्या बाईला ती वाट सोपी नव्हती. दलदलीवरची बर्फाची पापडी पावलागणिक फुटे आणि गुडघ्यापर्यंत पाय आत जाई. फरच्या झाडांवरून पाणी मानेत उतरे आणि तिथेच गोठे. दोन रात्री तिनं वाटेवरच्या रिकाम्या खोपटांत काढल्या. गेरासिम मेला असेल हा विचार तिनं एकदाही शब्दांत येऊ दिला नाही. आईबापांमागे तिला तो एकटाच उरला होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी गेरासिमचे सापळे सुरू झाले. पहिला लोखंडी सापळा तिनं पाहिला तेव्हा तिला रडूच आलं. पावसाचं पाणी आत शिरून थिजलं होतं आणि सगळा चाप बर्फात चिणला गेला होता. असल्या हवेत लोखंड कामाचं नसतं. सेबल त्यावर नाचून गेला तरी चाप मिटत नाही. आठवडाभर कुणी त्याला हात लावला नव्हता, हे उघडच होतं.

पण हाताच्या अंतरावर दुसरा सापळा होता. लाकडाचा, जुन्या पद्धतीचा. दोन खुंट्यांवर तोललेला ओंडका, खाली आमिषाची काडी. ताज्या राळेचा वास येत होता. ओंडका पडलेला होता आणि त्याखाली काळाभोर, भरदार लवेचा सेबल होता.

उस्तिन्याचा जीव भांड्यात पडला. असला सापळा तासायला धडधाकट माणूस लागतो. म्हणजे गेरा चालता-फिरता होता. मग तिला रागही आला, की मेल्या, हे सगळं करायला वेळ आहे आणि दोन शब्द बोलायला नाही? तिनं सेबल काढून पिशवीत टाकला. भावाचं जनावर उंदरांनी कुरतडण्यापेक्षा बहिणीनं नेलेलं बरं.

पुढच्या सापळ्याशीही तेच. लोखंड बर्फात चिणलेलं, शेजारी नवा ओंडका. दुपारपर्यंत पिशवीत सात सेबल झाले. वडिलांनी दोन हिवाळे गेरासिमला हा ओंडका तोलायला शिकवलं होतं आणि दोन्ही हिवाळे तो त्याच्याच बोटांवर पडला होता. गावभर हसं झालं होतं. आता इतका सफाईदार हात कुठून आला, असं तिच्या मनात आलं. अभिमानही वाटला.

चौथ्या सापळ्याशी एक गोष्ट तिला खटकली. लाकूड तासलं की ढलप्या पडतात. इथे खुंट्या पांढऱ्याशुभ्र तासलेल्या होत्या, पण जमिनीवर ढलपी नव्हती. पुढच्या तिन्ही ठिकाणी तिनं वाकून बघितलं. एकही नव्हती. चिप्का मात्र खुशीत होती. ती सापळ्यापासून थोडी दूर जाऊन शेपूट हलवायची आणि बर्फावर उताणी पडायची. घरच्या माणसानं पोट खाजवावं म्हणून ती तशी पडते.

झाडी संपली तेव्हा खोपट्याच्या धुराड्यातून सरळ धूर निघत होता. शेवटचं अंतर उस्तिन्या धावली.

गेरासिम फळ्यांच्या पलंगावर आडवा होता. दाढी वाढलेली, तोंड उतरलेलं, पण डोळे जागे. उजव्या पायाला मांडीपासून घोट्यापर्यंत दोन फळ्या बांधलेल्या होत्या. चूल पेटलेली होती. शेजारी फोडलेल्या लाकडांची रास होती, बादली पाण्यानं भरलेली होती.

"आज दार आपटलंस," तो म्हणाला. "रोज तर आवाजही करत नाहीस."

उस्तिन्या त्याच्या गळ्यात पडून रडली. मग थोडं थोडं करून सगळं बाहेर आलं. नऊ दिवसांपूर्वी तो ओल्या ओंडक्यावरून ओढ्यात पडला होता. सोबत घेतलेला वायरलेस पाण्यात गेला, पाय मोडला. सरपटत खोपट्यापर्यंत आला आणि दाराशीच शुद्ध हरपली. डोळे उघडले तेव्हा पाय बांधलेला होता आणि ती चुलीशी पाठमोरी बसली होती.

"कोण?" उस्तिन्यानं विचारलं.

"कोण काय? तू. नऊ दिवस भरवतेस, लाकडं फोडतेस, आणि बोलायचं नाव नाही. ओंडक्यावरून जाऊ नको म्हणाली होतीस, ते मी ऐकलं नाही म्हणून एवढा राग धरायचा, ताई?"

उस्तिन्यानं त्याच्या कपाळावर हात ठेवला. ताप नव्हता. खरं सांगून या माणसाला काय मिळणार होतं?

"थकले होते रे," ती म्हणाली. "म्हणून नाही बोलले."

मग तिला पिशवी आठवली आणि ती जागच्या जागी थिजली. या खोऱ्यात माणसाला बरंच काही माफ आहे. दारू माफ आहे, खोटं बोलणं तर रोजचंच आहे. दुसऱ्याच्या सापळ्यातलं जनावर घेणं मात्र माफ नाही. आणि ती सात घेऊन आली होती. ते सापळे गेरासिमचे नव्हते.

अजून उजेड होता. ती बाहेर गेली आणि समोरच्या लार्चच्या झाडाच्या खालच्या फांदीला सातही सेबल एकेक करून बांधले. "चुकले," ती झाडीकडे बघून म्हणाली. "भावाचे समजून घेतले." झाडीत काही हललं नाही. चिप्का तिकडे बघून शेपूट हलवत होती.

त्या रात्री आभाळ निवळलं आणि खरी थंडी पडली. सकाळी उस्तिन्याला जाग आली ती शांततेनं. इतके दिवस घासत, करकरत वाहणारी नदी गप्प झाली होती. ती गोठली होती. आता दोन-तीन दिवसांत लुका येणार, गेरासिमचा पाय डॉक्टरपर्यंत पोहोचणार. तिला गावंसं वाटलं.

तिनं दार उघडलं.

उंबऱ्याशी सात फळ्या ओळीनं टेकवून ठेवल्या होत्या. प्रत्येकीवर एक कातडं, आतली बाजू बाहेर करून ताणलेलं. सुरी कुठेच घसरली नव्हती.

ती खाली बसली. थिजलेलं जनावर सोलता येत नाही. रात्रभर उबेला ठेवून मऊ करावं लागतं, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. आणि लार्चखाली तर पाणी दगड होईल अशी थंडी होती.

या खोऱ्यातल्या लोकांत नीमात म्हणून रीत आहे. शिकार करणारा शिकार स्वतःजवळ ठेवत नाही, दुसऱ्याच्या दारात ठेवतो. आणि ज्याच्या दारात ठेवली त्यानं नाही म्हणायचं नसतं. उस्तिन्या नाही म्हणाली नाही. तिनं सातही फळ्या आत घेतल्या, नैवेद्य म्हणून चुलीत चरबीचा मोठा तुकडा टाकला आणि ज्यानं भाऊ राखला त्याचे मनापासून आभार मानले. भीती वाटत होतीच. पण आनंद त्या भीतीहून मोठा होता.

मग तिनं रश्शाची वाटी घेतली आणि गेरासिमला भरवायला बसली. दुसऱ्या हातानं त्याची हनुवटी धरली तसा तो दचकला.

"काय झालं?"

"काही नाही. तुझा हात गार आहे आज," गेरासिम म्हणाला आणि पुढच्या घासासाठी त्यानं तोंड उघडलं. "रोज नसतो."

उस्तिन्यानं त्याला उरलेला रस्सा संपेपर्यंत भरवला. मग चुलीसमोर बसून तिनं दोन्ही हात आगीवर धरले, आणि बराच वेळ मागे वळून बघितलं नाही.