हिरव्या गाडीची मागची सीट

शटर अर्धं खाली ओढलं, दिवसाचं काम संपलं, तरी गॅरेजमधली पोरं घरी जायचं नाव घेईनात. सगळी सीटवाल्या मामांभोवती बसली. मामा म्हणजे गाड्यांच्या सीटा शिवणारा म्हातारा. हात सुईवर आणि तोंड सदा सुटलेलं. पण त्या रात्री त्यांनी आधीच बजावलं, "हे हसण्यावारी न्यायला सांगत नाही. ज्याच्यावर गुदरलं तो माझा जिवाचा दोस्त. त्या गाडीच्या सीटा याच हातांनी शिवल्यात. कुणाला थापा वाटत असतील त्यानं आत्ताच चपला घालाव्यात."

चपला कुणीच घातल्या नाहीत. मग मामांनी सांगितलं ते असं.

मामांचा हा दोस्त गाड्यांचा मेस्त्री. त्याचा बाप एका बड्या घरी ड्रायव्हर होता. मालकाची गाडी परदेशातून जहाजानं आलेली. फिकट हिरवी, लांब नाकाची, चाकांना पांढरे पट्टे. तशी दुसरी त्या भागात कुणी पाहिली नव्हती. पहाटे गाडी काढायची झाली की बाप इंजिन लावायचाच नाही. ब्रेक सोडायचा आणि उतारावरून ती आपसूक फाटकाबाहेर जाऊ द्यायचा. का, तर मालकांची झोपमोड नको! पोरगा पायरीवर बसून डोळे फाडून बघायचा. एवढं मोठं धूड, पण मांजरासारखं जायचं.

बाप छातीच्या दुखण्यानं लवकर गेला. पुढं मालकानं घर विकलं, गाडी कुणाच्या तरी गळ्यात मारली, आणि मायलेक एका खोलीत येऊन पडले. पण पोराच्या डोक्यातून गाडी जाईना. तो मोठा झाला, मेस्त्री झाला, लग्न झालं, डोक्यावरचे केस गेले, तरी सुट्टी आली की हा निघाला गाडी शोधायला. भंगाराच्या वखारी पालथ्या घातल्या. लग्नाला गाड्या भाड्यानं देणाऱ्यांकडे हेलपाटे घातले. ज्यानं म्हणून अशी गाडी पाहिली असं सांगितलं, त्याच्या दारात हा हजर. बायको म्हणायची, "एवढं मला शोधणार असाल, तर मी पण एकदा हरवून बघते."

आणि सापडली. कुठं, तर एका रोपवाटिकेच्या मागच्या शेडमध्ये. तिच्यात कोंबड्या नांदत होत्या. मेस्त्रीनं पुढच्या जाळीवरची घाण नखानं खरवडली. फार पूर्वी बापानं एक तुटकी पट्टी पितळेची झाळ देऊन जोडली होती. ती पिवळी रेघ दिसली आणि हा बाप्या तिथंच मटकन बसून हमसून हमसून रडला. रोपवाटिकेवाला घाबरला.

"अहो, काय झालं? कोंबडीनं टोचलं का?"

वर्षभर खपून मेस्त्रीनं गाडी चालती केली. सीटा मामांनी शिवल्या. मागच्या सीटवर मेस्त्रीनं पांढऱ्या कापडाची खोळ चढवायला लावली.

"खोळ कशाला रे?" मामांनी विचारलं. "मळेल लगेच."

"आईची आठवण आहे ती, मामा. या सीटच्या खोळी आईच धुवायची. नीळ घालून, इस्त्री करून. बघून तिला काय आनंद होईल!"

इथंच गाढवपणा झाला. बाईला काय आठवतं आणि काय सलतं, हे आधी तिला विचारावं, ही बुद्धी पुरुषांना उशिराच होते.

फेब्रुवारीतला शुक्रवार होता. रात्रीचे साडेदहा वाजून गेले होते. गल्लीतली दुकानं बंद झालेली, एक दिवा तेवढा जळत होता. मेस्त्रीनं गाडी दारात लावली आणि आईला हात धरून बाहेर आणलं. म्हातारी वाळून काडी झालेली, पण कणा ताठ. तिनं गाडी बघितली. वाकून आतली खोळ बघितली.

"हे मढं माझ्या दारात कशाला आणलंस?"

मेस्त्रीला वाटलं, ओळखली नाही. बापाला तो दादा म्हणायचा. "अगं आई, दादांची गाडी!"

"दादांची?" म्हातारी कडाडली. "तुझ्या दादांच्या मालकीचा एक चपलांचा जोड होता. गाडी मालकाची होती. बाईसाहेबांच्या बुडाखालच्या खोळी घासून घासून माझी बोटं फुटली. एकदा तरी बसले का मी तीत?"

"दादा भला माणूस होता गं..."

"मेल्यावर सगळेच भले होतात. आता ऐक. तू लहान होतास, शेजाऱ्यांकडे झोपवलं होतं तुला. मला अवेळी कळा सुटल्या. मध्यरात्र होती. गाडी पोर्चमध्ये उभी, चावी ह्यांच्या खिशात. म्हटलं, काढा. तर म्हणे, मालक झोपलेत, न विचारता कशी नेऊ? मला हातगाडीवर घातलं आणि ढकलत नेलं सूतिकागृहाकडे. तिथला तो चढ... चढेचना त्यांना..." म्हातारी थांबली. "मुलगी होती. रडलीच नाही."

मेस्त्रीला हे आयुष्यात कुणी सांगितलं नव्हतं. त्याला फक्त एवढं आठवत होतं की आई दादांना वाढायची, पाणी द्यायची, कपडे धुऊन द्यायची, पण बोलायची नाही. दादा गेले त्या दिवशी रात्रभर उशाशी बसली होती. तेव्हाही गप्पच.

"उद्याच देऊन टाकतो गाडी," तो म्हणाला.

म्हातारीनं गाडीला एक फेरी घातली. मग म्हणाली, "दार उघड. बसते."

"आत्ता? या थंडीत?"

"मग काय, तिरडीवर नेताना बसवणार आहेस? उघड."

ती मागं बसली. पाय पोचत नव्हते. हातानं खोळीवरची सुरकुती सारखी करत राहिली, जुनी सवय. मेस्त्रीनं गाडी काढली. झोपलेल्या रस्त्यांतून हळूहळू फिरवली. पाण्याच्या टाकीपाशी, जिथून रस्ता उताराला लागतो, तिथं इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं.

मेस्त्रीनं हँडब्रेक ओढला. चावी काढून खिशात टाकली. पुढच्या चाकाला दगड लावला. बॉनेट उघडलं, टॉर्च दातात धरला आणि आत वाकला. तेवढ्यात गाडीतून आईचा आवाज आला.

"आता आलात होय?"

"काय गं?" तो वाकल्या वाकल्या, टॉर्च दातांतच ठेवून म्हणाला.

त्यानं वायरी चाचपल्या.

मग पुन्हा. अगदी हळू.

"चावी खिशातच होती की तुमच्या..."

आणि ती थांबली. कुणी काही सांगतंय आणि ही ऐकतेय, अशी थांबली.

"किती विनवलं होतं मी..."

पुन्हा तशीच थांबली.

"...बरं, रडू नका. चला आता."

दातातला टॉर्च खाली पडला. मेस्त्रीच्या पुढ्यात बॉनेट आडवं. पलीकडचं काही दिसेना. त्यानं बॉनेट खाली घेतलं. काचेतून बघितलं. ड्रायव्हरची जागा रिकामी. मागं आई.

खट्.

ब्रेक सुटला.

दगड आपोआप बाजूला घरंगळला. मेस्त्री बाजूला झाला. झाला की कुणी केला, ते त्याला आजही सांगता येत नाही. गाडी त्याच्या अंगाजवळून गेली. इंजिन बंद. दिवे बंद. आवाज नाही. मांजरासारखी...

"आई! आई गं!"

तो धावला. खाली वळण होतं. गाडी धडकणार... नाही. वळली. सराईत हातानं वळवावी तशी. दिसेनाशी झाली.

तो धावतच होता. उतार संपला. सपाट रस्ता. गाडी नाही. पुढचा चौक. नाही. छाती फुटायला आली. आणि मग त्याला कळलं... कुठं गेली असेल ते.

सूतिकागृह केव्हाच बंद पडलंय. फाटकाला कुलूप, आत माणूसभर गवत. आणि तिथं जायला चढ आहे. चांगला दमछाक करणारा चढ.

गाडी वर उभी होती.

फाटकाला अगदी लागून. मागचं दार उघडं. बरोबर फाटकाच्या पायरीसमोर.

आई आत होती. जिवंत. दोन्ही हात मांडीवर, पदरात काही निजलंय असे सावरून धरलेले.

"आई..."

"हळू बोल." तिनं मान वर केली. डोळे वाहत होते. पण असा निवलेला चेहरा मेस्त्रीनं तिचा जन्मात पाहिला नव्हता. "पोचवलं रे त्यांनी. वेळेवर."

बस, एवढंच. पुढं उन्हाळा लागायच्या आत म्हातारी गेली. त्या रात्रीबद्दल तिनं पुन्हा तोंड उघडलं नाही. पण तोवर रोज सकाळी चहाचा कप घेऊन दादांच्या फोटोसमोर बसायची आणि बोलत राहायची. मध्येच शिव्याही हासडायची. सूनबाई म्हणायची, इतकी वर्षं तुंबलेलं होतं सगळं.

गॅरेजमध्ये मामांनी दोरा तोडला. एका पोरानं घसा खाकरला.

"मामा, म्हातारीनंच ब्रेक सोडला असेल. उतारच होता."

"असेल बाबा. आणि चढ?"

मामांनी सुई कापडात खुपसून ठेवली.

"चढाचंही सोड. मेस्त्री नंतर ड्रायव्हरच्या जागी बसला, तेव्हा त्यानं वर बघितलं. डोक्यावरचा आरसा. त्याचा सांधा गंजून पार मेला होता, आरशाचं तोंड छताकडे. मी ओढला होता, मेस्त्रीनं पकडीनं पिळला होता, तेल सोडलं होतं. हलला नाही. काच फुटेल म्हणून नाद सोडला. तो आरसा वळलेला होता. मागं. आज जाऊन बघा, तसाच आहे. पुन्हा तसूभर हलत नाही."

"मागं म्हणजे... आईच्या तोंडावर?"

मामांनी सुई पुन्हा हातात घेतली.

"नाही रे," ते म्हणाले. "त्याच्या खाली... मांडीवर."