बर्फ कारखान्याच्या वळणावरचा ब्रेक

वीज येईपर्यंत सांगते. हा दिवा जरा तुमच्या बाजूला सरकवा, मला तुमचं तोंड दिसलेलं बरं.

तुम्ही सकाळी विचारलंत ना, की तुम्ही गाडी चालवत असता आणि मी शेजारी बसलेली असते, तेव्हा माझ्या बाजूचा ब्रेक सोडून मी पाय सीटखाली का आखडून घेते? ती माझी जागा नाही म्हणून. घाबरू नका हो, गोष्ट तशी मजेची आहे. निदान बरीचशी.

हा ड्रायव्हिंग क्लास माझ्या सासऱ्यांनी काढलेला. सगळं गाव त्यांना ब्रेकमास्तर म्हणायचं. शिकणारा स्टिअरिंगवर, शेजारी बाबा, आणि बाबांच्या पायाखाली हा दुसरा ब्रेक. पण तो ते इतक्या हलक्या पायाने दाबायचे, की शिकणाऱ्याला वाटायचं, आपणच थांबलो. वर बाबा म्हणायचे, "शाब्बास! अगदी वेळेवर थांबवलीस." झालं, तो गडी दिवसभर छाती काढून फिरायचा. गावातला डॉक्टर, पोस्टमन, भाजीवाली, सगळे त्यांच्याच हाताखालून गेलेले. कितीतरी जणांना पुढे वर्षांनी कळलं, की त्या दिवशी म्हैस वाचली ती आपल्यामुळे नव्हे.

लग्न होऊन आले तेव्हा मला सायकलसुद्धा धड येत नव्हती. बाबांनी पहिल्याच आठवड्यात चावी हातात ठेवली. "बाळ, गाडी चालवता येणं म्हणजे थांबता येणं. नुसतं पुढे काय, उतारावरचा धोंडाही जातो." गुडघे फार दुखायचे त्यांचे. सतत निलगिरीचं तेल चोळायचे, त्यामुळे गाडीत बसलं की सर्दी आपोआप पळायची.

थंडीच्या तोंडावर गेले ते. दुपारी जेवून आरामखुर्चीत पडले, ते उठलेच नाहीत. उजवा पाय जरासा पुढे होता. माझा नवरा रडता रडता म्हणाला, "बघ, जातानाही ब्रेकवरच." आणि आम्ही दोघं त्या तसल्या वेळी हसलो.

तर क्लास माझ्याकडे आला, आणि पाठोपाठ थंडी आली.

आमच्या गावात थंडी म्हणजे अपघातांचा हंगाम. इतर ठिकाणी फळांचा असतो, आमच्याकडे हाडांचा. पावसाळ्यात रस्ता वाईट असतो म्हणून लोक जपून जातात. थंडीत रस्ता चांगला, हवा छान, आणि तेवढ्यात नदीवरून धुकं येतं. त्यात ते बर्फ कारखान्याचं वळण. एका अंगाला कारखान्याची लांबच्या लांब भिंत, त्यामुळे पुढचं दिसत नाही. भिंतीखालून कायम पाणी पाझरतं, त्यामुळे रस्ता निसरडा. सकाळी सूर्य वर आला की तो बरोबर डोळ्यांत. माझा नवरा सरकारी दवाखान्यात प्लास्टर घालायच्या खोलीत आहे. पहिलं धुकं पडलं की तो बाह्या सरसावून म्हणतो, "चला, पांढरं करायला सुरुवात."

पण या थंडीत तो लवकर घरी यायला लागला. हात कोरडे, कपडे स्वच्छ.

"काय रे, एवढ्यात?"

"कोणी पडतच नाहीये. आज दिवसभरात एक आला, तो पण पलंगावरून पडलेला."

त्याच आठवड्यात डेंटर आला. चेपलेल्या गाड्या ठोकून सरळ करणारा, बाबांचा लाडका शिष्य; स्वतःचा टेम्पो घेऊन गावभर हिंडतो. हसरा माणूस, पण त्या दिवशी तोंड पाडून बसला.

"वहिनी, यंदा क्लासमध्ये काय शिकवताय हो? जरा वाईट शिकवा ना. माझ्या पोटावर पाय येतोय."

मी हसले. तो मात्र खुर्ची पुढे ओढून हळू आवाजात म्हणाला, "लोक गाड्या दाखवायला आणतात. चेपलेल्या नाही, चांगल्या. म्हणतात, कारखान्याच्या वळणावर ब्रेक आपोआप लागतो. मी उघडून बघितलं, ब्रेक ठणठणीत. आणि एक सांगा... त्या गाड्यांना निलगिरीचा वास कसा येतो?"

"थंडी आहे. सगळ्यांची नाकं चोंदलीत," मी म्हटलं. पण तो गेल्यावर माझा चहा निवून गेला तरी मी कप धरूनच बसले होते.

मग हेडबाईंची सकाळ आली. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सगळी शाळा त्यांना थरथर कापते आणि त्या स्टिअरिंगला. निवृत्तीच्या आत गाडी शिकायचीच, असं ठरवून आल्या होत्या. गाडीलाही रागवायच्या. "शांत! मी सांगितल्याशिवाय पुढे जायचं नाही!" असं क्लचला म्हणायच्या.

उजाडलं होतं, पण उजेड नुसता दुधासारखा. धुकं बॉनेटवर येऊन बसलं होतं. कारखान्याची भिंत सुरू झाली, तशी खिडकीतून ती ओली, गार हवा आली. टायरखाली पाण्याची चपचप ऐकू यायला लागली. मी म्हटलं, "बाई, वेग कमी करा."

"करतेच आहे!" असं म्हणून बाईंनी घाबरून ब्रेकऐवजी नेमका अ‍ॅक्सिलरेटर दाबला.

गाडी सुटली. मी माझ्या ब्रेककडे पाय नेला, पण त्याआधीच तो खाली गेलेला होता. माझ्या डोळ्यांदेखत. माझा बूट त्याच्यावर टेकलासुद्धा नव्हता. ते पेडल हळू, अगदी हलक्या पायाने दाबल्यासारखं जमिनीला लागलं, गाडी जराही न डचमळता थांबली, आणि गाडीभर निलगिरीचा वास भरला...

धुकं किंचित हललं. काचेसमोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अंतरावर, उसाचा... नव्हे, लाकडांचा ट्रक आडवा पडलेला होता. दिवे नाहीत, काही नाही. ओंडके बाहेर आलेले, आणि त्यातला एक सरळ हेडबाईंच्या कपाळाच्या रेषेत.

"शाब्बास," कोणीतरी म्हणालं. माझ्या कानाशी नव्हे, बाईंच्या बाजूला. "अगदी वेळेवर थांबवलीस."

हेडबाई ताठ झाल्या. त्यांनी पदर सारखा केला, आणि गेली कित्येक वर्षं कोणी ऐकला नसेल अशा लहान आवाजात म्हणाल्या, "थँक यू, सर."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाबांना निवृत्त व्हायला जमलंच नाही." आणि डोळे पुसत इतका हसला, की मलाही आवरेना. त्या दिवसापासून मी त्या ब्रेकवर पाय ठेवत नाही. मोठ्या माणसाच्या पायावर पाय कसा द्यायचा?

हेडबाईंकडून गोष्ट गावभर झाली. पण भीती म्हणून नाही बरं का. लोक वळणावर आले की हॉर्न देऊन म्हणायचे, "मास्तर, येतो हं!" पोस्टमन तर त्यांना पत्रांच्या गमती सांगायचा म्हणे. ट्रॅफिकच्या साहेबांनी सभा घेतली आणि अपघात घटले ते आपण लावलेल्या पाट्यांमुळे, असं भाषण केलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. उगाच कशाला कोणाचं मन मोडा.

इथपर्यंत मजेची झाली.

मग थंडी सरत आली तेव्हा आम्ही दोघं नणंदेकडून परत येत होतो. दिवस नुकता मावळत होता. गाडी क्लासचीच, मी चालवत होते, नवरा शेजारी. नणंदेच्या मुलांच्या नकला करून तो मला हसवत होता. धुकं नदीवरून नुकतं चढायला लागलं होतं. कारखाना त्या दिवशी बंद होता, त्यामुळे यंत्रांची नेहमीची घरघर नव्हती. नुसतं पाणी. टप... टप...

वळणावर भिंतीला लागून कोणीतरी उभं होतं. तपकिरी स्वेटर, गळ्याला मफलर, हात वर केलेला.

नवऱ्याचं हसणं अर्ध्यावर तुटलं.

"बाबा..." लहान पोरासारखं म्हणाला तो. "अगं, बाबा आहेत. थांबव. थांबव ना!"

मलाही भरून आलं होतं. खरं सांगते, भीती अशी वाटलीच नाही. मी ब्रेकवर पाय दिला.

ब्रेक खाली जाईना.

दगडासारखा नव्हता तो. खाली कोणीतरी पाय घालून पेडल वर उचलून धरावं, तसा. मी जोर लावला की तेवढाच जोर खालून यायचा. नवऱ्याने त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला आणि दचकून पायांकडे बघितलं. तोही जाईना. आणि निलगिरीचा वास... एवढा उग्र, की डोळ्यांतून पाणी आलं.

"थांबू नकोस, बाळ."

मागच्या सीटवरून. बाबांचा आवाज. आयुष्यभर ज्या माणसाने थांबायलाच शिकवलं, तो माणूस. आणि आवाज कापत होता.

मी थांबले नाही. त्या माणसाच्या अगदी जवळून गाडी गेली. दिव्यात चेहरा दिसला, बाबांचाच, गालावरच्या तिळासकट. हसत होता. मी आरशात बघितलं. आम्ही पुढे निघून गेलो होतो तरी त्याने मान वळवली नव्हती. हात तसाच वर, जिकडून आम्ही आलो त्या रिकाम्या रस्त्याकडे तोंड करून. पुढच्या गाडीसाठी.

घरी आलो. कडी लावल्यावर नवरा म्हणाला, "गाडीत बाबा होते."

"हो."

"मग बाहेर कोण होतं?"

तो पलंगाच्या कडेला बसला, आणि हळूहळू म्हणाला, "तुला कधी बोललो नाही. दरवर्षी त्या वळणावरचे लोक येतात ना, प्लास्टर घालताना बरळतात. मला वाटायचं, शुद्धीत नाहीत. एक म्हणाला, भिंतीपाशी आई उभी होती, म्हणून गचकन ब्रेक मारला. एक म्हणाला, बायको होती... तिला जाऊन वर्ष झालं होतं. प्रत्येकाला आपलंच माणूस दिसतं. पण ते सगळे आपटले गं. थांबून त्याला गाडीत घेतलं, असं कोणीच सांगितलं नाही."

मी त्याचा हात धरून बसले. मग आम्ही ठरवलं, की धुकं संपतंच आहे, आणि बाबा आहेत. आपण निर्धास्त राहायचं. राहिलोही.

गेल्या रविवारी डेंटर आला. खुशीत. इथेच, तुम्ही बसलाय त्याच खुर्चीत बसला.

"वहिनी, अखेर भेटले हो मला मास्तर! सगळ्या गावाला भेटले, मलाच नाही, म्हणून मी रुसून बसलो होतो. परवा संध्याकाळी वळणावर उभे! मी म्हटलं, सोडतोय का आता. ब्रेक मारला तर नेमका तेव्हाच जाम. पेडल वरच येतंय! पण मी काय ऐकतोय? हँडब्रेक ओढला, कचकन उभा केला टेम्पो आणि दार उघडलं."

नवऱ्याने विचारलं, "आणि... बसले?"

"बसले की! फार बोलले नाहीत. थंडीने पार बर्फ झाले होते बिचारे, टेम्पोत नुसतं पाणी पाणी. म्हटलं, मास्तर, कुठे सोडू? तर म्हणाले, सुनेकडे. म्हणाले, घर काही आठवत नाही, तू नुसती गल्ली दाखव, दार मी शोधतो." डेंटर आनंदाने आमच्याकडे बघत होता. "मग? भेटले ना?"

तेव्हापासून आमच्या गल्लीत दारं वाजतात. दिवेलागणीला, अगदी हळू, सभ्यपणे. उघडलं तर कोणी नसतं. पायरी तेवढी ओली असते. आधी कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचं वाजलं. मग सोनाराचं. काल शिंप्याचं वाजलं. शिंपी म्हणजे, ही भिंत आहे ना, तिच्या पलीकडे.

वीज काही अजून येत नाही. बसा ना थोडं, इतक्यात कुठे निघालात? माझा नवरा येईलच एवढ्यात. आणि हो, त्याच्याकडे किल्ली असते. तो दार वाजवत नाही.